अंगठा केशरबाईचा

'हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही,' असं कॉम्प्युटरने पुन्हा सांगितलं आणि रामकिसनने कपाळाला हात लावला.

लिंबागणेशजवळच्या एका दूध संस्थेचा तो सचिव. काल संध्याकाळी कॉम्प्युटर 'अपडेट करू का?' म्हणून सारखा पिच्छा पुरवत होता. या शहाण्याने 'कर बाबा एकदाचं' म्हणत बटण दाबलं. सकाळी कॉम्प्युटर नव्या नवरीसारखा सजून बसला होता, पण जुनं दुधाचं सॉफ्टवेअर काही त्याच्या पसंतीला उतरेना. ते बनवणारा कधीच पुण्याला निघून गेलेला.

बाहेर बायकांची रांग लागली होती. दुष्काळाने पिकं गेली होती. घरं तगली होती ती म्हशींच्या जिवावर, त्यामुळे दूध परत नेणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

रोजची रीत सोपी होती. बाईने मशीनवर अंगठा ठेवायचा, की पडद्यावर खातेदाराचं नाव यायचं. खातं नवऱ्याचं, अंगठा बायकोचा. आसपासच्या साऱ्या वस्त्यांचं दूध इथेच यायचं. रामकिसनला चेहरे ठाऊक होते, बहुतेकांची नावं मात्र त्याने कॉम्प्युटरवर सोपवली होती. शेवटी त्याने कोरा कागद पुढे ओढला.

"खातेदाराचं नाव सांगा."

पहिली सरूबाई. ती पदर सावरत मागच्या बायकांकडे बघू लागली. चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं?

"उखाना घे की!" मागून कडूबाई ओरडली.

"छावनीत बांधली गाय, चुलीवर ठिवला चहा, ज्ञानोबारावांचं दूध हाय, फॅट जरा नीट पहा!"

रांग खिदळली. मग काय, एकीपेक्षा एक उखाणे सुटले. रामकिसन हसत हसत लिहीत होता.

केशरबाईची पाळी आली. ती सरळ म्हणाली, "लिवा, केशरबाई."

"वहिनी, खातं तर मालकाच्या नावावर हाय ना?"

"धार मी काढते, चारा मी आनते. खातं माज्या नावावर करा म्हनून किती डाव सांगितलं तुमाला? दर टायमाला या डब्याकडं बोट दावता. म्हनं सॉफ्टवेअर घेत न्हाई. आता तर सॉफ्टवेअरच न्हाई. मंग न्हाई कोन म्हनतंय?"

रामकिसन ओशाळला. खरं तर त्याने सॉफ्टवेअरला कधी विचारूनच पाहिलं नव्हतं. गावातले पुरुष भडकतील, ही खरी भीती. कशाला उगाच भानगड! तेवढ्यात त्याला दारात मोटारसायकलवर बसलेला भारत दिसला, केशरबाईचा नवरा. बुडत्याला काडी सापडली.

"खातेदार हो म्हनला तर आत्ता करतो. बोला, भारतराव!"

साऱ्या रांगेने दाराकडे वळून पाहिलं. केशरबाईने नवऱ्याकडे एकदा चोरून पाहिलं. संस्थेत ती भांडायची, पण घरी हा विषय काढायचं धाडस तिला कधी झालं नव्हतं. तिने मान खाली घातली.

भारत मोटारसायकलवरून उतरला. लग्नात पाहुण्यांनी ताट अडवून धरलं, तरी या गड्याने लाजून उखाणा घेतला नव्हता. आता त्याने टोपी नीट केली, घसा खाकरला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"हीर आटली, चारा आटला, आटली न्हाई धार; केशरबाईच्या नावावर करा समदा कारभार!"