समासातलं भांडण

आयर्लंडच्या मठांतल्या भिक्षूंचा इतिहास सांगणारं ते जाडजूड पुस्तक पोस्टाने एकमेकांकडे फिरवणारे वाचक पूर्वी चौघे होते. आता कोथरूडचे गोपाळकृष्ण आणि विश्रांतवाडीचे धोंडिबा, एवढेच उरले होते. एकाच शहरात राहून दोघे कधी भेटले नाहीत. पुस्तक केव्हाच वाचून झालं होतं. फिरत होतं ते समासातलं भांडण. गोपाळकृष्णांनी मत लिहावं आणि धोंडिबांनी त्याशेजारी हिरव्या पेन्सिलीने ठणकावून 'चूक' लिहावं.

या खेपेला पुस्तक आलं, तर एका मतापुढे हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बरोबर'. गोपाळकृष्ण ते पान बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी फोन लावला. धोंडिबांच्या मुलीने, ललिताने, तो उचलला.

"धोंडिबा मला जन्मात कधी बरोबर म्हणाले नाहीत," ते म्हणाले. "कधी गेले?"



"दोन वर्षं झाली, काका. 'त्या माणसाला भांडायला दुसरं कुणी नाही, तू नुसतं चूक लिहून पाठवत जा,' असं सांगून गेले होते. मी न वाचताच लिहीत होते. या खेपेला पहिल्यांदा पुस्तक वाचलं."