हातमोजे
कांपिनासच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या कड्याच्या तांब्याच्या नळ्यांना आतून लेप देण्यात ओदाइरचा जन्म गेला. तो लेप नळीतली उरलीसुरली हवा गिळायचा. पण बोटाचा ओशटपणा लागला, की सोलून निघायचा. “हातमोजे कुठायत? तुझ्या बापाची नळी आहे का?” तो प्रत्येकावर खेकसायचा. आज त्याची निवृत्ती. मक्याचा केक संपल्यावर त्याच्या हाताखाली शिकलेल्या जांदिरानं कड्यातून काढलेली वीतभर नळी पुढे केली. “काका, ही तुमची.” ओदाइरनं आधी हातमोजे चढवले. सगळे हसले. जांदिरानं ते हळूच, एकेक बोट सोडवत काढले. त्यानं नळीवर अंगठा टेकवला. “गार असते गं,” तो पुटपुटला. “कधी कळलंच नव्हतं.” तांब्यावर ठसा उमटला, तसा त्याचा हात पुसायच्या फडक्याकडे गेला. जांदिरानं फडकं पाठीमागे लपवलं. “राहू द्या. आता तुमच्या बापाचीच नळी आहे.”