तिसरी रांग, चौथा

शाकिरनं सुपारीएवढा कागदाचा तुकडा तळहातावर ठेवला आणि उम्म गझवानपुढे, म्हणजे गझवानच्या आईपुढे, धरला. "घ्या. तुमचा गझवान." चोवीस वर्षं तो याच क्षणाला भीत आला होता.

"थांबा, अबू रियाद," म्हातारी त्याला म्हणाली. "आधी चष्मा पुसू द्या. मी इतकी वर्षं थांबले, तुम्हालाच मेली कसली घाई?"

इराकमधल्या अमारा शहरातल्या त्या जुन्या हायस्कूलला कुलूप लागून सहा वर्षं झाली होती. इमारतीत आता वाचनालय होणार होतं आणि शाळेचा इतिहास लिहायचं काम शाकिरच्या गळ्यात पडलं होतं. त्याच्याइतका जुना कारकून दुसरा उरलाच नव्हता. हजेरीपटांतली नावं त्याला तोंडपाठ. चेहरे मात्र नाहीत. चेहऱ्यांशी कारकुनाला काय काम! हेडमास्तर, निकाल, फुटबॉलची ढाल, सगळं तो झरझर लिहीत गेला आणि ऐंशी सालापाशी येऊन अडला.

त्या वर्षी गुप्त पोलिसांनी गझवानला भर वर्गातून उचलून नेलं. मागोमाग हुकूम आला, गद्दाराचं तोंड भिंतीवर दिसता कामा नये. व्हरांड्यात शेवटच्या वर्गाचा फोटो टांगलेला होता. त्याखाली वारूजान या आर्मेनियन फोटोग्राफरनं रांगेवार नावं लिहिली होती. गझवान तिसऱ्या रांगेत, चौथा. हा मुलगा नेमका कोणता, असं विचारायची तेव्हा कोणाची छाती होती? शाकिरनं उजवीकडून मोजलं, आपण अरबी लिहितो-वाचतो तसं. एक, दोन, तीन, चार. पातं फिरवलं आणि फोटो पुन्हा काचेत घातला. भोक बघून पोलिसांचा साहेब खूश झाला. मास्तर लोक बघायचे आणि मुकाट्यानं मान खाली घालून जायचे. कापलेला तुकडा फेकायचा मात्र शाकिरला धीर झाला नाही. तो चहाच्या डब्यात गेला.

महिन्याभरानं ही बाई शाळेत आली. घरातले सगळे फोटो पोलिसांनी नेले होते. "दारातूनच बघते, भाऊ. एकदाच."

शाकिर दार अडवून उभा राहिला. "फोटोत तो नाही, बाई. घरी जा." घरी चार लेकरं होती, तो घाबरला होता. निदान खोटं तरी बोललो नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली. ती कधीच पटली नाही.

गेल्या वर्षी राजवट पडली. हरवलेल्या मुलांचे फोटो छातीशी धरून बायका चौकात बसू लागल्या. उम्म गझवान रिकाम्या हातांनी बसायची. मुलगा दिसायचा कसा, असं कोणी विचारलं, तर म्हणायची, "देखणा." शाकिर लांबच्या गल्लीनं घरी जायचा.

आज अखेर त्यानं तिला शाळेत बोलावलं आणि सगळं ओकून टाकलं. पातं, डबा, दार. "पाप झालं माझ्या हातून. शिव्या द्या, थुंका माझ्यावर."

"थुंकायला तोंडात ओल उरलीय कुठे?" म्हातारीनं चष्मा चढवला. तुकडा उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला. "हा कोण?"

"अहो, गझवान!"

"नऊ महिने पोटात वागवलाय मी त्याला, मला सांगता? कान बघा याचे! कोणत्या माउलीचा लेक आहे, देव जाणे."

ती काठी टेकत व्हरांड्यातल्या फोटोपाशी गेली. तिचं बोट काचेवरून हळूहळू सरकू लागलं. तिसऱ्या रांगेतल्या भोकावरून पुढे गेलं आणि डावीकडून चौथ्या मुलावर थांबलं. ओठ दाबून हसू आवरणारा मुलगा होता. खरंच देखणा.

"बाळा," ती म्हणाली, "तू इथंच होतास होय रे?"

शाकिरनं फोटोखालची नावं पुन्हा वाचली. वारूजानची आर्मेनियन लिपी डावीकडून चालायची. त्यानं पोरंही डावीकडूनच मोजली होती. त्या दिवशी आपण दारातून एक पाऊल बाजूला झालो असतो, तर?

म्हातारीनं अबायाच्या टोकानं काच पुसली. मग वळून त्याच्याकडे बघितलं. आवाजात रागाचं नावही नव्हतं.

"अबू रियाद, तुम्ही तर म्हणाला होतात, फोटोत तो नाही."