म्हाळसाबाईंची चाल

राजेश्री एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला होती. यंत्र काहीही दाखवो, राउंडच्या आधी प्रत्येक पेशंटची नाडी स्वतःच्या बोटांनी बघायची, ही सरांनी लावलेली सवय.

त्या सकाळी तिने बायकांच्या वॉर्डात दारालगतच्या खाटेपासून सुरुवात केली. तिथे ताडकळसच्या म्हाळसाबाई होत्या, जन्मभर मेंढरांमागे उन्हातान्हात हिंडलेल्या. चालताना धाप लागली तर बसत का नाही, असं राजेश्रीने काल विचारलं होतं.

"मी बसले की समदा कळप बसतोय, माय. म्हणून बसत न्हाई."

त्यांची नाडी तीन ठोके नीट चाले, मग दम खाल्ल्यासारखी थांबे. वय झालं, राजेश्रीने मनाशी म्हटलं.

शेजारच्या बाईची नाडीही तशीच थांबत होती. तिच्या पलीकडच्या पोरीचीही.

चक्रावून तिने दोघींची मनगटं एकदम धरली. दोन्ही नाड्या एकाच क्षणी थांबल्या, एकाच क्षणी पुन्हा निघाल्या. खाटेमागून खाट, अख्खा वॉर्ड एका पावलाने चालला होता.

ती पुन्हा म्हाळसाबाईंजवळ आली. नकळत तिची बोटं स्वतःच्याच मनगटावर गेली. तीन ठोके. मग दम.

खाटेवर पडल्या पडल्याच म्हाळसाबाईंनी डोळे उघडले.

"लय दमले, माय," त्या म्हणाल्या. "आता बसू का जरा?"