कल्ला उचलून

“शेवटचा भाव बोल,” रुक्मिणी म्हणाली आणि खुर्चीवरून उठली.

परेश नुसता हसला. शोरूममध्ये त्याला चार वर्षं झाली होती. उठलेलं गिऱ्हाईक दारापर्यंत जातं आणि परत येतं, हे त्याला पाठ होतं. पण रुक्मिणीला तीस वर्षं झाली होती, अर्नाळ्याच्या बाजारात पापलेटचे वाटे लावून. ती दाराबाहेर गेली आणि चपला घालू लागली. चपला बाहेर काढायला तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिच्या तिनेच काढल्या होत्या. मग परेशलाच मागे यावं लागलं.

गाडी हवी होती ती मुलीसाठी. अक्षदा नायगावला एका लॅबमध्ये कामाला होती. ऑगस्टात तिथे खाडीचं पाणी रस्त्यावर चढलं तेव्हा पोरीला दोन रात्री लॅबमध्येच काढाव्या लागल्या, आणि त्याच वेळी रुक्मिणीने मनाशी ठरवलं. शिवाय सुजयशी अक्षदाचं लग्न ठरत आलं होतं. मासळीवालीची पोरगी स्वतःच्या गाडीतून सासरी उतरली पाहिजे, एवढाच रुक्मिणीचा हट्ट होता. त्यासाठी ती कुणाच्याही बापाला भ्यायली नसती.

तिने अक्षदाला कोटेशनची ओळ न् ओळ वाचून दाखवायला लावली. ‘हँडलिंग चार्ज’पाशी तिने हात वर केला.

“गाडी हाताळायचे वेगळे पैसे? मी काय पापलेट हाताळायचे वेगळे घेते?”

तो आकडा खोडला गेला. विमा बाहेरून काढायचा म्हटल्यावर विम्याचे चौदा हजार उतरले. मॅट फुकट झाले, सीट कव्हरही फुकट झाली. अक्षदा आईकडे बघत राहिली. घरी चार शब्द बोलायला लाजणारी ही बाई इथे परेशला पाणी पाजत होती.

एका गोष्टीवर मात्र रुक्मिणी अडून बसली. गाडी दसऱ्यालाच दारात यायला हवी होती. परेश म्हणाला, सहा आठवडे थांबावं लागेल. मग कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, एक पांढरी आहे, नायगावच्या यार्डात, पण तीही कोणी उचलायच्या आत ठरवावी लागेल. रुक्मिणीने त्याला सांगितलं की आधी डोळ्यांनी बघणार. कल्ला उचलून बघितल्याशिवाय मासा घेऊ नये, हे ती गिऱ्हाइकांनाही शिकवत आली होती, मग त्यात स्वतःचं नुकसान झालं तरी.

दुसऱ्या दिवशी गाडी शोरूमच्या मागे उभी होती, धुऊन पुसून लख्ख. रुक्मिणी आत बसली. तिने आरसा बघितला, खण उघडून बघितला. मग उतरून डिकी उघडायला लावली, आत वाकली आणि खालचा गालिचा उचलायला हात घातला.

“कसला वास येतोय रे?” तिने विचारलं.

परेशने तिच्या हातांकडे बघितलं. मग अगदी हळू, अदबीने म्हणाला, “मावशी, तुमचा मासळीचा धंदा आहे ना?”

अक्षदा दुसरीकडे बघू लागली. रुक्मिणीने गालिच्यावरचा हात काढून घेतला आणि पदराला पुसला. सकाळी तिने दोनदा अंघोळ केली होती, मुलीचा महागातला साबण लावून. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. परेशने मोठ्या मनाने विषय बदलला. गाडीत ठेवायची अत्तराची बाटली आपल्याकडून दिली, वर आणखी वीस हजार स्वतःहून कमी केले. रुक्मिणीने कागदांवर कुठे सही करायची तेवढंच विचारलं.

दसऱ्याला गाडी दारात आली. झेंडूचं तोरण लागलं, नारळ फुटला. आळीत रुक्मिणीच्या घासाघिशीची गोष्ट आठवडाभर पुरली.

वास मात्र जाईना. दुपारी काचा बंद असल्या की जास्तच यायचा. रुक्मिणी गाडीत बसायची ती खिडकीला चिकटून, हात मांडीखाली दाबून. लिंबाच्या फोडींनी तिने हात चोळून सोलवटून काढले. नोव्हेंबरात सुजयची आई त्यांच्यासोबत देवीला गेली. वाटेत तिने काही न बोलता काच खाली केली आणि घर येईपर्यंत वर केली नाही.

त्या संध्याकाळी अक्षदा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “आई, तू बाजार बंद करशील का?”

रुक्मिणीला रडू आलं, पण ती “बरं” म्हणाली. बाजारातली ती जागा तिच्या आधी तिच्या सासूची होती. तिने ती जावेला देऊन टाकली, आणि पाटी, कोयता, बसायचा पाटसुद्धा. दोन महिने ती घरात बसून राहिली. मासळीला हातही लावला नाही. तरी गाडीतला वास तसाच राहिला. आता तो हाडांतच मुरला असं धरून तिने गाडीत बसणंच सोडलं.

जानेवारीत साखरपुडा होता. ठरलं असं की अक्षदा गाडीने पुढे जाईल आणि आई मागून रिक्षाने येईल. हे रुक्मिणीनेच सुचवलं आणि अक्षदाने नको म्हटलं नाही.

सकाळी बघतात तर मागचं चाक बसलेलं. “स्टेपनी काढू या,” अक्षदा म्हणाली आणि तिने डिकी उघडली. लेकीच्या नव्या साडीला डाग नको म्हणून रुक्मिणीच पुढे झाली. तिने गालिचा दूर केला, स्टेपनीचा बोल्ट फिरवला आणि दोघींनी मिळून चाक उचललं.

खालच्या खोलगट भागात चार बोटं गाळ होता, सुकून भेगाळलेला. तोच वास भपकन वर आला. एका भेगेतून काहीतरी डोकावत होतं. रुक्मिणीने ते दोन बोटांनी ओढून काढलं. बोटाएवढी मासळी, वाळून काळी पडलेली, डोक्यावर मोहरीएवढे दोन डोळे.

“काय आहे ते, आई?”

रुक्मिणीने ती नाकाशी नेली. मग लेकीच्या हातात ठेवली.

“निवटी. खाडीच्या चिखलातली. माझ्या पाटीत ही कधीच नव्हती.”