साजाचं पान

"तर या वेळी चिठ्ठी लाल पेटीत टाकायची," केशोराव म्हणाले. "पिवळीचं आता नाव काढायचं नाही."

साजाच्या झाडाखाली जमलेल्या गावाने एकमेकांकडे पाहिलं. हेच केशोराव दिवाळीत इथे आले होते ते खादीवाल्यांच्या पक्षाचे पुढारी म्हणून, अनवाणी, पिवळ्या पेटीसाठी मतं मागत. मग पक्षाने तिकीट गोंदियाच्या छोटेलालला दिलं, आणि देशाचं खरं हित मालगुजार जमीनदारांच्या पक्षातच आहे हे केशोरावांना अचानक उमगलं. त्या पक्षाची पेटी लाल. आज गावात आणलेली मोटारही त्याच पक्षाची. ती चालवायला त्यांचा मुलगा भोजराज आला होता, नागपुरात वकिली शिकणारा. अंगावरची खादी मात्र केशोरावांनी उतरवली नव्हती. एवढी लाज कोळून प्यालेला माणूस चिचगडच्या जंगलाने पाहिला नव्हता.

"थे तं होत नाही जी," मनिराम म्हणाला. तो गावचा भुमक, देवांची पूजा त्याच्याकडे. "आमी पिवरीची किरया खाल्ली आहे."

"ठाऊक आहे मला. शपथ मीच दिली ना?"

"हो जी. तुमीच देल्ली."

देताना त्यांनी काही कसर ठेवली नव्हती. बडादेव या झाडात राहतो, आणि त्याचं पान हातात घेऊन बोललेला शब्द इथे कोणी मोडत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी स्वतः पानं तोडून एकेकाच्या हातावर ठेवली. तेवढ्याने भागेना, म्हणून दुसरा हात आपापल्या लेकराच्या डोक्यावर ठेवायला लावला. चिठ्ठी दुसऱ्या पेटीत गेली तर त्याचं पाप याच्यावर पडो, असं प्रत्येकाकडून वदवून घेतलं. म्हाताऱ्या धुरपताबाईच्या मुलाने आपल्या लेकीच्या, धनवंताच्या, डोक्यावर हात ठेवला होता. त्याची आधीची लेकरं देवीच्या साथीत गेली. उरलेली ही एकच पोर आजीच्या कडेवर बसून बोरं खात होती.

"हे बघा," केशोरावांचा आवाज चढला. "मालगुजारांची मर्जी फिरली तर उद्या जंगलात गुरं चारणं बंद. मोहफुलं वेचणं बंद. मग काय खाल? मी दिलेली शपथ मी परत घेतो. तुम्ही मोकळे. झालं?"

"अशी नाही सुटत जी," मनिराम म्हणाला. "ज्यानं देल्ली, त्यालेच सोडवा लागते. एका हातात पान घ्या. दुसरा हात तुमच्या लेकराच्या डोक्स्यावर ठेवा. म्हना, का मी खोटी किरया देल्ली, ह्याईच्यावर जे येईन थे माझ्या लेकरावर येवो. मंग आमी मोकरे. तुमी म्हनसान त्या पेटीत चिठ्ठी टाकू."

केशोराव हसले. "अरे, झाडाचं पान ते! पानानं काय होतं?"

"काही होत नसन तं सोपंच आहे," धुरपताबाई म्हणाली.

भोजराजलाही हसू आलं. त्याला या प्रकाराची गंमत वाटत होती, शिवाय उजेड असेतोवर देवरी गाठायची होती. तो मोटारीतून उतरून वडिलांसमोर आला, हॅट काढली आणि मान खाली घातली.

"ठेवा हात, बाबूजी. अख्ख्या गावाची मतं आहेत. संपवून टाका."

मनिरामने पान तोडून केशोरावांच्या उजव्या हातावर ठेवलं. त्यांनी डावा हात उचलला. भोजराजच्या केसांच्या वर तो थांबला.

"मी खोटी..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. त्यांनी झाडाकडे पाहिलं. मग तो हात तसाच मागे घेऊन स्वतःची टोपी नीट बसवली.

"हा सगळा अडाणीपणा आहे," ते म्हणाले. "मी असल्या गोष्टी मानत नाही."

धुरपताबाई नातीला घेऊन त्यांच्या पुढ्यात आली.

"मानत नाही तं हात काऊन मांगं घेतला जी? आमच्या पोट्ट्यायच्या डोक्स्यावर तं मोठ्या मजेत ठेवाले लावला होता. तुमचा पोरगा तेवढा पोरगा? आमची लेकरं सस्ती होती का? सांगा ना! कायले आमचीच मांगतली?"

खाली बसलेली माणसं एकेक करून उठून उभी राहिली. कोणी शिवी दिली नाही. कोणी हातही उगारला नाही. केशोरावांना तेवढं उभं राहणंही पुरलं. ते वळले आणि भराभर मोटारीकडे गेले.

"भोजराज, चल. उशीर होतो आहे."

भोजराज जागचा हलला नाही. मघाचं हसू आता त्याच्या तोंडावर नव्हतं. हातातली हॅट त्याने डोक्यावर घातली नाही.

"बाबूजी," तो म्हणाला, "ते पान अजून तुमच्या मुठीत आहे."

केशोरावांनी मूठ उघडली. पान चुरगळलेलं होतं. ते कुठे टाकावं हे त्यांना कळेना.