एक तरी नाव

उन्नतीच्या साखरपुड्याला आलेले शेजारचे मल्हारराव भर बैठकीत सांगत होते, "आमच्या पोरीला, गरिमाला, ब्लड कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणतात, बरी होईल. अरे, डॉक्टर तो बोलेंगेही! मी सरळ घरी घेऊन आलो. या रोगातून कोणी वाचलंय का हो? इंदरगंजपासून नया बाजारपर्यंत एक तरी नाव सांगा!"

मुलाकडच्या पाहुण्यांनी "देवाची मर्जी" म्हणत पेढे चघळले. उन्नतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईने तिचं मनगट घट्ट आवळलं, "चुप बस हं! सासरची माणसं ऐकतायत."

उन्नतीने हात हिसडला.


"मी वाचलेय, काका! आईने जगाला टायफॉइड सांगितला होता. पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."